जुना डिरेलर, नवा शिफ्टर, आणि सेट करूनही परत परत उडणारे गिअर

तक्रार बहुतेकांची एकच असते. घरात पडलेली जुनी स्टीलची रेसिंग सायकल, काकांची नाहीतर वडिलांची, डाउनट्यूबवर (फ्रेमच्या खालच्या तिरक्या नळीवर) गिअर बदलायच्या दोन दांड्यावाली, ती माळ्यावरून काढली, पावडर कोटिंग करून घेतलं, आणि मग वाटलं की आता गिअर हँडलवरूनच बदलता यावेत, म्हणून आठ गिअरचा क्लिकवाला नवा शिफ्टर (गिअर बदलायचा खटका) आणला, मागे नवं चाक नवी कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा संच), डिरेलर (चेनला एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा भाग) मात्र जुनाच ठेवला कारण तो पॉलिश केल्यावर चमकतो फार सुंदर. स्टँडवर सगळे गिअर टकाटक पडतात. इंदूरच्या रामबागेतून महू नाक्यापर्यंतही काही नाही. आणि खंडवा रोडला सिमरोलच्या घाटात उभं राहून जोर लावला की चेन कड्कन शेजारच्या चकतीवर. दुकानात नेली की उत्तर ठरलेलं, "भिया, तार टाइट कर दी है, अब चला के देखो." चालवून बघायचं, चार दिवस चालते, पाचव्या दिवशी परत तेच.

तार ताणून कधी कधी खरंच बरं वाटतं, म्हणूनच तर सगळे तेच करतात. पण ज्या सायकलीत जुने-नवे पार्ट एकत्र आहेत तिथे बॅरल ॲडजस्टर (तारेचा ताण कमीजास्त करायचा फिरता नट) फिरवणं ही सगळ्यात शेवटची गोष्ट, पहिली नाही. आधी बघायचं की चूक कशी वागते आहे.

मागचं चाक हवेत येईल असं सायकलीला टांगा (छताच्या हुकाला दोरी बांधली तरी चालतं, स्टँड नसला म्हणून अडत नाही), चेन सगळ्यात छोट्या चकतीवर आणा, आणि मागून डोळा लावून बसा. डिरेलरची वरची छोटी पुली चकतीच्या बरोबर खाली आहे का एवढंच बघायचं. आता एक क्लिक, पायडल फिरवा, बघा. परत एक क्लिक, बघा. वरपर्यंत जा आणि तसेच एकेक करत खाली या. सगळ्या चकत्यांवर पुली सारखीच थोडी डावीकडे किंवा सारखीच थोडी उजवीकडे असेल तर आनंद माना, तुमचं खरंच तार ताणण्याचं काम आहे, अर्धा फेरा फिरवा आणि विषय संपला. पहिल्या दोन चकत्यांवर बरोबर आणि पुढे प्रत्येक क्लिकला फरक वाढत जात असेल तर हिशेबच जुळत नाहीये, आयुष्यभर तार ताणत बसलात तरी जुळणार नाही. वर जाताना बरोबर पण खाली येताना पुली मागे अडकून राहत असेल तर तार कुठेतरी घासते आहे. आणि टांगून सगळं छान पण रस्त्यावर जोर दिला की उडते, तेही ठराविक एक-दोन चकत्यांवरच, तर वाकडा हँगर (फ्रेमचा कान, ज्याला डिरेलर लागतो), ढिली कॅसेट किंवा झिजलेली चेन.

आता फरक वाढत जातो त्याचं, कारण इथेच लोकांचे पैसे सगळ्यात जास्त जातात.

गणित इतकंच आहे: शिफ्टर एका क्लिकला जेवढी तार ओढतो, त्याला डिरेलरच्या गुणोत्तराने (तार एक मिलीमीटर ओढली की पुली आडवी किती मिलीमीटर सरकते त्याने) गुणा, उत्तर दोन चकत्यांच्या मध्यातल्या अंतराएवढं यायला हवं. शिमानो कंपनीच्या जुन्या घरातलं बघा. सात गिअरच्या चकत्यांमध्ये ५ मिलीमीटर अंतर, आठमध्ये ४.८, नऊमध्ये ४.३५, दहामध्ये ३.९५. शिफ्टर सातवाला एका क्लिकला साधारण २.९ मिलीमीटर ओढतो, आठवाला २.८, नऊवाला २.५, रोडचा म्हणजे रेसिंग सायकलचा दहावाला २.३. आणि या सगळ्यांसाठी डिरेलरचं गुणोत्तर एकच, १.७. आठचं करून बघा, २.८ गुणिले १.७ म्हणजे ४.७६, चकती ४.८ वर, झालं काम. म्हणून शिमानोचा साधा टूर्नी डिरेलर सात, आठ, नऊ कुठल्याही शिमानो शिफ्टरला चालतो, डिरेलरवर किती गिअरचा म्हणून लिहिलंय त्याने फारसं बिघडत नाही.

आता तोच आठवाला शिफ्टर ठेवा आणि डिरेलर कोणीतरी स्वस्तात दिला म्हणून स्रॅम कंपनीचा जुना वन-टू-वन वाला लावा, ज्याचं गुणोत्तर १.१ च्या आसपास आहे. २.८ गुणिले १.१ म्हणजे ३ च्या थोडं वर. चकत्यांना ४.८ हवं. तिसऱ्या क्लिकपर्यंत पुली अख्खी एक चकती मागे पडलेली, मोठ्या चकत्यांपर्यंत पोचायचा प्रश्नच नाही. शिमानोचा माउंटन बाइकचा दहा गिअरवाला डिरेलर पण तसाच, १.२, दिसायला नऊवाल्याचा जुळा भाऊ पण आतून वेगळा, आणि दुकानदार "शिमानो को शिमानो चलेगा" म्हणून देऊन मोकळे होतात. शिमानोचीच टियाग्रा ४७०० मालिका दहा गिअरची आहे पण तिचं गुणोत्तर अकरावाल्या रोड डिरेलरसारखं १.४, म्हणजे आधीच्या दहावाल्या रोड शिफ्टरशी जुळत नाही. आणि जुन्या शौकिनांनी जपून ठेवलेला ड्युरा-एस ७४०० मालिकेचा डिरेलर, १९८४ साली ज्याच्याबरोबर शिमानोने एसआयएस म्हणजे क्लिकवाली सिस्टीम बाजारात आणली तो, त्याचं गुणोत्तर १.७ नाही, जास्त आहे, तो आपल्याच मालिकेच्या शिफ्टरबरोबर गुण्यागोविंदाने राहतो आणि आजच्या आठवाल्या शिफ्टरबरोबर भांडतो. सनटूर कंपनीची क्लिकवाली सिस्टीम, ॲक्युशिफ्ट, असेल तर त्यात तर क्लिकची अंतरंही सगळी सारखी नाहीत, त्याला शिमानोच्या कॅसेटवर इंडेक्स करायच्या म्हणजे क्लिकने जुळवायच्या भानगडीत पडूच नका.

जुन्या डिरेलरवर नावच पुसलेलं असेल तर स्वतः मोजा, व्हर्नियर लागेल, नसेल तर स्टीलची पट्टी. चेन काढून टाका. डाउनट्यूबवर उघड्या तारेला टेपचा छोटा तुकडा चिकटवा, तार हाताने ओढून टेप बरोबर १० मिलीमीटर सरकवा आणि वरची पुली आडवी किती सरकली ते मोजा. १७ सरकली तर १.७. पण एकाच जागी मोजून थांबू नका, सुरुवातीला एकदा, मधे एकदा आणि शेवटी एकदा, कारण इंडेक्सच्या आधीच्या जमान्यातले डिरेलर सगळीकडे सारखे सरकत नाहीत, बनवणाऱ्याला तेव्हा त्याची गरजच नव्हती, चालवणारा कानाने आणि बोटाने जुळवून घ्यायचा. तीन ठिकाणी तीन वेगळे आकडे आले तर तो डिरेलर क्लिकला लायक नाही, संपलं. चकत्यांचंही तसंच, सगळ्यात छोटीच्या बाहेरच्या बाजूपासून सगळ्यात मोठीच्या बाहेरच्या बाजूपर्यंत मोजा आणि चकत्या जितक्या त्यापेक्षा एक कमीने भागा. जुन्या पाच गिअरच्या फ्रीव्हीलवर (चाकावर आट्यांनी फिरवून बसवायचा चकत्यांचा संच) साडेपाचच्या आसपास येतं, त्यावर आठवाला शिफ्टर लावून चालेल ही आशा सोडा.

थोडा फरक मात्र चालतो. सातची कॅसेट आणि आठचा शिफ्टर हा आपल्याकडे खूप जणांचा जोड असतो कारण सातचे बरे शिफ्टर मिळत नाहीत. एका क्लिकला पाव मिलीमीटरपेक्षा किंचित कमी फरक, सहा क्लिकमध्ये दीडेक मिलीमीटर. छोट्या चकतीपासून सेट केलात तर सगळी चूक मोठीवर जाऊन साचते. म्हणून मधल्या, चौथ्या चकतीवर पुली बरोबर जुळवा, मग चूक दोन्ही टोकांना अर्धी अर्धी वाटली जाते, आणि शिमानोच्या वरच्या पुलीला मुद्दाम आडवी थोडी ढील दिलेली असते ती तेवढं सांभाळून घेते. ही ढील बघून पुली खराब झाली म्हणून बदलणारे मिस्त्री आहेत, त्यांना सांगा राहू द्या.

गणित बरोबर आलं तरी जुना डिरेलर त्रास देऊ शकतो, त्याचं कारण आकार. सनटूरने १९६४ साली तिरका पॅरेललोग्राम काढला, म्हणजे डिरेलर आत जाताना खालीही उतरतो, त्यामुळे पुली छोट्या-मोठ्या सगळ्याच चकत्यांच्या जवळ राहते. पेटंट होतं तोवर बाकीच्यांना ते करता येत नव्हतं, ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर पेटंट संपलं आणि मग सगळ्यांनी तेच उचललं. त्याआधीचे बरेच युरोपियन डिरेलर सरळ आडवे सरकतात, छोट्या चकत्यांवर पुली लांब राहते, मधली चेन मोकळी लोंबते, तुम्ही पुली हलवली तरी चेन लगेच वळत नाही. दांडीने थोडं जास्त ओढून मग परत सोडून हे जमवता येतं, क्लिकने नाही. नव्या डिरेलरवर मागचा बी-स्क्रू फिरवून मोठ्या चकतीपाशी पाच-सहा मिलीमीटर अंतर ठेवता येतं, जुन्यांत कित्येकदा तो स्क्रूच नसतो.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे, आणि सायकल ग्रुपमधली पोरं यावर हसतात ते हसू द्या. जुनी दांडी, नवी कॅसेट, नवी चेन: हा जोड झकास चालतो. नवा शिफ्टर, जुना डिरेलर: हा रडवतो. नव्या चकत्यांच्या दातांना बाजूने उतार कापलेले असतात, चेन त्यावर स्वतःहून चढते, त्यामुळे बिनक्लिकची दांडी आज जितकी सोपी वाटते तितकी ती वडिलांच्या काळी नव्हती. अपन फ्रेमची शान ठेवायला निघालो आहोत तर दांड्यांचीही ठेवूया की. आणि हँडलवरच हवं असेल तर मायक्रोशिफ्टचे अंगठ्याने फिरवायचे शिफ्टर येतात, त्यात क्लिक बंद करून नुसतं घर्षणावर चालवायची सोय असलेले आहेत. क्लिकचाच हट्ट असेल तर चमकणाऱ्या डिरेलरचा मोह सोडा, तो काढून कपाटात ठेवा आणि साधा १.७ वाला नवा लावा, सगळ्या पार्टांत तोच स्वस्त असतो.

दांडी वापरणाऱ्यांना एक वेगळा त्रास होतो तोही सांगतो. चढावर गिअर आपोआप जड होतो, चेन छोट्या चकतीकडे घसरते. यात जुळणी वगैरे काही बिघडलेलं नसतं. डिरेलरची स्प्रिंग सतत तार ओढत असते आणि दांडीचा स्क्रू ढिला झाला की जोर लावताना फ्रेम थोडी लवते, तेवढ्यात दांडी सरकते. दांडीच्या मधोमध कडी किंवा स्क्रू आहे तो पाव फेरा आवळा. वॉशरला तेल लावू नका, तिथे घर्षणच हवं आहे.

आता तार घासण्याचं. माळव्यातली काळी माती पावसाळ्यात बॉटम ब्रॅकेटच्या (पायडलचा आस बसतो त्या जागेच्या) खालून जाणाऱ्या तारेवर बसते, वाळली की सिमेंट होते, आणि डिरेलरची स्प्रिंग ती तार परत ओढू शकत नाही. ओळखायचं सोपं आहे, खाली येताना चेन अडकली की डाउनट्यूबवरची उघडी तार बोटाने गिटारसारखी छेडा, लगेच चेन पडली तर दोष घासण्याचाच. तार बदला, खालची खाच घासून साफ करा. पण जुन्या फ्रेममध्ये खरा चोर बहुतेक वेळा आउटर (तारेवरचं बाहेरचं आवरण) असतं. जुनं आउटर म्हणजे गुंडाळलेली पट्टी, ब्रेकसारखीच, ओढलं की ते थोडं दबतं, आणि जेवढं दबलं तेवढी क्लिकची तार वाया. क्लिकसाठी वेगळं आउटर येतं ज्यात तारा लांबीने सरळ असतात, ते दबत नाही. ते पकडीने कापू नका, तोंड चेपतं, चांगल्या केबल कटरने कापा, कानशीने टोक सपाट करा, आतली प्लास्टिकची नळी सुईने उघडा. जुन्या फ्रेमची स्टॉपची (आउटरचं टोक टेकतं तिथली) भोकं ५ मिलीमीटरच्या आउटरसाठी केलेली असतात, नवं ४ चं, म्हणून टोपी घातल्याशिवाय बसवू नका, नाहीतर आउटर आत धसत राहतं आणि दर आठवड्याला सेटिंग हलतं. मागच्या डिरेलरचा शेवटचा वळसा फार आखूड कापू नका. आणि हे गिअरचं आउटर उरलं म्हणून ब्रेकला कधीही लावू नका, जोरात ब्रेक दाबला की त्याच्या सरळ तारा फाटून बाहेर येतात आणि ब्रेक जातो.

पावडर कोटिंगवाल्यांसाठी खास. रंगवाल्याने हँगरच्या आट्यांवर आणि ड्रॉपआउटच्या (चाकाचा ॲक्सल बसतो त्या खाचेच्या) तोंडावर काही न झाकताच मारून दिलेलं असतं, मग डिरेलर तिरका बसतो आणि तुम्ही तारेला दोष देत बसता. आटे १० मिलीमीटर गुणिले १ चे असतात, टॅप मारून साफ करून घ्या, ॲक्सलचा नट जिथे टेकतो तिथला रंग खरवडा. मग हँगर सरळ आहे का बघा. महागडं हत्यार नको, ज्या जुन्या चाकाच्या मागच्या ॲक्सलचे आटे १० गुणिले १ चेच आहेत (सगळ्यांचे नसतात, आधी हाताने फिरवून बघा, अडलं तर जबरदस्ती नको) ते चाक हँगरमध्येच ॲक्सलने फिरवून बसवा, आता दोन चाकं शेजारी शेजारी उभी राहतील, त्यांच्या रिममधलं अंतर वर, खाली, पुढे, मागे मोजा. सगळीकडे तीन-चार मिलीमीटरच्या आत सारखं असेल तर ठीक, नसेल तर तेच चाक धरून हळूहळू वाकवा. स्टीलचा हँगर हे सहन करतो, ॲल्युमिनियमचा एकदाच कसाबसा.

हँगर वाकडा होण्याचं अजून एक कारण जुन्या-नव्याच्या जोडात हमखास निघतं. जुनी फ्रेम मागे दोन ड्रॉपआउटच्या मधे १२६ मिलीमीटरची, नवं हब (चाकाचा मधला भाग) १३० चं, आणि मिस्त्री दोन्ही हातांनी फाकवून चाक आत कोंबतो. बसतं, पण ड्रॉपआउट आता एकमेकांना समांतर राहत नाहीत, त्याबरोबर हँगरही तिरका. स्टील असेल तर फ्रेम नीट वाकवून १३० ची करून घ्या, दोन्ही बाजू सारख्या वाकल्या का ते बघायला एका ड्रॉपआउटपासून हेडट्यूबला (हँडलखालच्या पुढच्या नळीला) वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत दोरी ताणा आणि दोरीपासून सीटट्यूबचं (सीटखालच्या नळीचं) अंतर दोन्हीकडे मोजा. मग ड्रॉपआउट समांतर करून घ्या आणि सगळ्यात शेवटी हँगर. हा क्रम उलटा केला तर काम दोनदा. ॲल्युमिनियम फ्रेम असेल तर फाकवायचा विचारही नको.

पंक्चर काढलं की गिअर बिघडतात, असं ज्यांचं आहे त्यांनी डिरेलर फ्रेमला थेट लागलाय की ॲक्सलमध्ये अडकवलेल्या पत्र्याला, ते बघा. पत्र्याचा हँगर आणि आडवे ड्रॉपआउट असले की प्रत्येक वेळी चाक दोन-चार मिलीमीटर पुढेमागे बसतं आणि पत्राही थोडा फिरतो. पत्र्याचा छोटा बोल्ट घट्ट करा, आणि चाक नेमकं कुठे बसतं तिथे ड्रॉपआउटवर मार्करने रेघ मारून ठेवा. पंक्चरवाल्याला रेघ दाखवा, तो ऐकतो.

कॅसेट हाताने धरून हलवून बघा. सातची कॅसेट आठ-नऊ-दहाच्या फ्रीहबवर (हबच्या ज्या भागावर कॅसेट चढते तो) बसवली असेल तर मागे ४.५ मिलीमीटरचा स्पेसर लागतो, अकराच्या रोड फ्रीहबवर आठ-नऊ-दहाची कॅसेट असेल तर १.८५ चा. तो डब्यातच राहून गेला की लॉकरिंग (कॅसेट दाबून धरणारी रिंग) घट्ट होऊनही कॅसेट खुळखुळते आणि गिअर भुताने बदलल्यासारखे बदलतात. आटेवाल्या स्वस्त फ्रीव्हीलचं थोडं डुगडुगणं मात्र नैसर्गिक आहे, त्याच्यामागे लागू नका.

चेन आठ गिअरवालीच घ्या, जुन्या पाच-सहाच्या फ्रीव्हीलवरही ती चालते. साध्या सायकलीची १/८ इंचाची चेन गिअरच्या सायकलीवर शेजारच्या चकतीला घासते, आणि "चेन तो चेन है" म्हणून तीच गळ्यात मारली जाते. जुनी किती झिजली ते पट्टीने मोजा, एका पिनच्या मध्यावर शून्य ठेवा, १२ इंचांवर परत पिनचा मध्य यायला हवा. १/१६ इंच पुढे गेली की चेन बदला, १/८ गेली असेल तर कॅसेटही गेली, तिच्यावर नवी चेन टाकलीत तर रोजच्या वापरातल्या चकत्यांवर ती जोर दिला की दात सोडून उडणारच.

पुढच्या डिरेलरला यातलं फारसं काही लागू नाही. तिथे दोन नाहीतर तीन चकत्या, अंतर मोठं, आणि माउंटन बाइकच्या आणि रोडच्या पुढच्या शिफ्टरची तार ओढायची मापं वेगळी, त्यामुळे तिथे क्लिक जुळवत बसण्यात अर्थ नाही, साधी दांडी लावा आणि चेन डिरेलरच्या पिंजऱ्याला (ज्यातून ती जाते) घासायला लागली की बोटाने किंचित सरकवा.